ऑफिसची मेल बाहेरून बघायची सोय: छोट्या संस्थेने ती कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यात ऑफिस, अठरा माणसं. त्यातली सात माण-खटाव भागात फिल्डवर, खजिनदार पुण्यात आणि एक विश्वस्त परदेशात. मेल सर्व्हर ऑफिसातच एका लिनक्स मशीनवर: मेल पाठवण्या-घेण्यासाठी पोस्टफिक्स, मेलबॉक्स उघडून देण्यासाठी डव्हकॉट आणि वेबमेलसाठी, म्हणजे ब्राउझरमध्ये मेल बघण्यासाठी, राउंडक्यूब. आजवर मेल फक्त ऑफिसच्या नेटवर्कमधून दिसायची, आता सगळ्यांना ती बाहेरून बघायची आहे. नेटवाल्याने सुचवलंय की राऊटरमध्ये दोन-तीन पोर्ट (बाहेरून आत येण्याची दारं) उघडून दिले की काम झालं. तसं करावं का?

करू नका. कारण समजून घेतलंत तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतील, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बाहेरून उघडं दिसणारं पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात. आयमॅपचं, म्हणजे मेल अॅपने सर्व्हरवरची मेल वाचण्याच्या पद्धतीचं, पोर्ट उघडा आणि डव्हकॉटचा लॉग (नोंदींची फाइल) बघत बसा. थोड्याच वेळात इन्फो, अकाउंट्स, अॅडमिन, टेस्ट, स्कॅनर अशा नावांनी लॉगिनचे प्रयत्न दिसायला लागतात. एका आयपी पत्त्यावरून दोन-तीनच प्रयत्न, मग दुसरा पत्ता, मग तिसरा. फेलटूबॅनसारखं असे प्रयत्न अडवणारं सॉफ्टवेअर लावलं तरी ते एका पत्त्यावरून ठरावीक वेळा चुकल्यावरच दार बंद करतं, आणि तोवर समोरचा पुढच्या पत्त्यावर गेलेला असतो. अठरा माणसांपैकी एकाचाही पासवर्ड संस्थेचं नाव आणि पुढे वर्ष असा असेल, तर तो सापडणार हे धरून चाला.

एक पासवर्ड सापडला तर एकच मेलबॉक्स गेली, असंही नाही. जून २०२५ मध्ये राउंडक्यूबमधली एक त्रुटी दुरुस्त झाली. ती कोडमध्ये दहा वर्षांहून जास्त काळ होती, आणि कुठल्याही एका खात्याने लॉगिन करता आलं की तिच्यातून अख्ख्या सर्व्हरवर हवा तो प्रोग्रॅम चालवता येत होता. त्याआधी मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमधल्या त्रुटींमुळे जगभरात हजारो संस्थांचे स्वतःच्या जागेतले सर्व्हर फोडले गेले, तेही पासवर्डशिवाय. कंपनीने पॅच (दुरुस्ती) काढला होता, पण तो त्याच दिवशी लावायला कोण होतं, हा खरा मुद्दा होता. तुमच्याकडे हे काम कोण करणार? नेटवाला महिन्यातून एकदा येतो. तुमच्यासारख्या बहुतेक संस्थांमध्ये हीच परिस्थिती असते, आणि त्यात कोणाचा दोष नाही. मेल सर्व्हर सांभाळणं हे पूर्णवेळ लक्ष मागणारं काम आहे, तुमचं काम वेगळं आहे.

‘एसएसएल लावून देतो, मग काही भीती नाही’ असंही तुम्हाला सांगितलं जाईल. एन्क्रिप्शन हवंच. जानेवारी २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने मेल वाचण्या-पाठवण्यासाठी उघडे, विनाएन्क्रिप्शन मार्ग कालबाह्य ठरवले आणि सुरुवातीपासून टीएलएस (एसएसएलचं आजचं रूप) असलेली ९९३, ९९५ आणि ४६५ ही पोर्ट वापरायला सांगितली. ११० आणि १४३ या जुन्या पोर्टवर साधा पासवर्ड जात असेल तर तो ऑफिसच्या आतही बंद करा. पण टीएलएस फक्त वाटेत कोणी मेल वाचू नये याची काळजी घेतं. आत येणारा माणूस तुमचाच आहे की चोरलेला पासवर्ड घेऊन आलेला परका, हे त्याला कळत नाही.

आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. संस्थेच्या मेलबॉक्समध्ये नुसती पत्रं नसतात. नेटबँकिंग, इन्कम टॅक्स पोर्टल, देणग्यांचं पेमेंट गेटवे, वेबसाइट, फेसबुक पेज, सगळीकडे ‘पासवर्ड विसरलात?’ वर क्लिक केलं की दुवा त्याच इनबॉक्समध्ये येतो. म्हणून मेल बाहेरून बघण्याची सोय करताना सगळ्यात जास्त मेहनत माणसाची ओळख पटवण्यावर घ्यायची, मशीनवर नाही.

माझा सल्ला स्पष्ट आहे: मेल स्वतःच्या सर्व्हरवरून हलवा. पात्र धर्मादाय संस्थांना गूगल वर्कस्पेस (संस्थेच्या पत्त्यावर चालणारं जीमेल) नोंदणीची पडताळणी झाल्यावर विनाशुल्क मिळतं. चेन्नईच्या झोहोची मेल सेवाही चांगली आहे आणि त्यांची डेटा सेंटर्स भारतात आहेत. मात्र त्यांच्या फुकट योजनेत आयमॅप मिळत नाही, वेबवर किंवा त्यांच्याच अॅपमध्ये मेल बघावी लागते. तुमच्यासाठी ही अडचण नाही, उलट बरंच आहे, का ते पुढे सांगतो. पण ती योजना पाच जणांपुरतीच आहे, म्हणजे अठरा जणांसाठी पैसे मोजावे लागतील. मायक्रोसॉफ्ट ३६५ ही चालेल. तिघांपैकी कुठली घ्यायची यावर महिनाभर बैठका घेऊ नका. लोकांना जी आधीपासून थोडीफार माहीत आहे ती घ्या.

सेवा कुठलीही घ्या, त्याआधी एक गोष्ट तपासा. तुमच्या डोमेनचं, म्हणजे मेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाचं, खातं कोणाच्या नावावर आहे? बऱ्याच संस्थांमध्ये ते पूर्वी वेबसाइट करून दिलेल्या कार्यकर्त्याच्या वैयक्तिक मेलवर असतं. तो आता वेगळ्या गावी, वेगळ्या नोकरीत, आणि नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याकडे जातात. डोमेन ज्याच्या हातात, मेल त्याच्या हातात, कारण तुमची मेल कुठल्या सर्व्हरवर पोचवायची हे तिथेच ठरतं. ते खातं संस्थेच्या नावावर घ्या, दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर ओळखीचा दुसरा पुरावा) लावा, आपोआप नूतनीकरण चालू करा. त्या खात्याचा संपर्क पत्ता मात्र त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेनच बंद पडलं तर ते सोडवायची मेल येणार कुठे?

आता दुहेरी पडताळणी. अठराच्या अठरा जणांना सक्तीची, विश्वस्तांनाही. विश्वस्तांना सांगायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, पण पैशाच्या मेल त्यांच्याच खात्यात असतात. ‘ज्यांना हवं त्यांनी चालू करा’ असं म्हटलंत तर ज्यांना सर्वात जास्त गरज आहे तेच राहून जातात. अॅडमिन पॅनेलमध्ये तारीख टाकून सक्ती करण्याची सोय असते, ती वापरा.

पण पडताळणीचे सगळे प्रकार सारखे नाहीत. एसएमएसने येणारा ओटीपी सगळ्यात शेवटचा पर्याय. डुप्लिकेट सिम काढून तो पळवता येतो हे एक, आणि माणच्या एखाद्या वाडीत रेंज नसेल तर तो येतच नाही हे रोजचं दुखणं. ऑथेंटिकेटर अॅप त्याहून बरं. त्याला नेटवर्क लागत नाही, फोनच्या आतच दर तीस सेकंदांनी नवा आकडा तयार होतो. फोनचं घड्याळ मात्र बरोबर हवं. कुणी हाताने वेळ बदललेली असेल तर आकडा चुकीचा ठरतो आणि तो माणूस ‘अॅप बिघडलंय’ म्हणून फोन करतो. सेटिंगमध्ये वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू केला की प्रश्न मिटतो.

अॅपचा आकडाही फसवून घेता येतो. तुमच्या लॉगिनसारखंच हुबेहूब पान बनवतात, तुम्ही त्यात पासवर्ड आणि आकडा टाकता, आणि मागे बसलेला प्रोग्रॅम त्याच क्षणी तो खऱ्या पानावर टाकून तुमच्या नावाने आत शिरतो. इथे कामाला येतात पासकी (फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेली लॉगिनची डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीची सिक्युरिटी की. ती ज्या वेबसाइटसाठी बनवली त्याच पत्त्यावर चालते. पत्त्यात एका अक्षराचा फरक असेल तर माणूस फसेल, पण ही किल्ली फसत नाही. म्हणून अॅडमिन, हिशेबनीस, खजिनदार आणि सही करणारे विश्वस्त यांना पासकी किंवा सिक्युरिटी की द्या. प्रत्येकाला दोन, एक रोजची आणि एक कपाटात. बाकीच्यांना आज अॅप चालेल, पुढे तेही पासकीवर येतील.

दोन अॅडमिन खाती ठेवा, एक ऑफिसात आणि एक पुण्यात खजिनदारांकडे, आणि ती रोजच्या मेलसाठी वापरू नका. आणीबाणीचे रिकव्हरी कोड छापून बंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत ठेवा. पाकिटावर दोघांच्या सह्या घ्या, म्हणजे ते उघडलं गेलं तर कळेल.

आता आयमॅपची गोष्ट. जुनी आउटलुक किंवा फोनमधली जुनी मेल अॅप्स दुहेरी पडताळणी समजू शकत नाहीत. म्हणून सेवा ‘अॅप पासवर्ड’ नावाचा वेगळा लांब पासवर्ड देतात. तो एकदा कुणाच्या हाती लागला की पुढे ओटीपी, पासकी काहीच विचारलं जात नाही. म्हणजे समोरचं दार भक्कम केलं आणि मागचं उघडं राहिलं. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून नुसत्या नाव-पासवर्डाने मेल ओढण्याची पद्धत बंद करायला घेतली, गूगल वर्कस्पेसने २०२५ मध्ये ती थांबवली. अॅप पासवर्डची पळवाट तरीही कुठे कुठे राहते. अॅडमिन पॅनेलमधून पॉप (मेल उतरवून घेण्याची जुनी पद्धत) आणि आयमॅप सगळ्यांसाठी बंद करा आणि ज्याला खरंच गरज आहे त्याच्यापुरतं उघडा. तुमच्या माणसांना फोनवर अधिकृत अॅप आणि कॉम्प्युटरवर ब्राउझर एवढं पुरेल.

तुम्ही विचारलेलं नाही, पण एक सांगणं गरजेचं आहे. ऑफिसबाहेर मेल दिसत नाही म्हणून तुमच्यापैकी काही जणांनी संस्थेची मेल आपल्या वैयक्तिक खात्यावर फॉरवर्ड करून ठेवली असण्याची दाट शक्यता आहे. जुन्या सर्व्हरवरचे फॉरवर्डिंगचे नियम आजच तपासा. नव्या सेवेत बाहेरच्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड करणं संपूर्ण बंद ठेवा. रागावू नका कोणावर, त्यांनी काम अडू नये म्हणूनच ते केलेलं असतं.

फिल्डवरच्या माणसांच्या बाबतीत मला सर्वात जास्त काळजी तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानाची वाटते. दहिवडीत किंवा वडूजला जायचं, दुकानातल्या कॉम्प्युटरवर मेल उघडायची, लाभार्थ्यांचे अर्ज आणि आधारच्या प्रती छापायच्या, गर्दीत निघून यायचं. खातं उघडंच राहतं. डाउनलोड फोल्डरमध्ये शेजारी दुसऱ्या कुणाचा सातबारा, तिसऱ्याचा पॅनकार्ड आणि आता तुमच्या चाळीस लाभार्थ्यांचे आधार. पासवर्ड ब्राउझरने जपून ठेवलाय का हेही कुणी बघत नाही. नियम एकच करा: परक्या कॉम्प्युटरवर संस्थेच्या खात्याने लॉगिन नाही, कधीच नाही. पण नुसता नियम करून भागणार नाही, कारण छापायची गरज तर खरीच आहे. तुमच्या दोन फिल्ड केंद्रांवर फोनवरून छापणारा एकेक साधा प्रिंटर घेऊन द्या. तो खर्च सुरक्षेचाच आहे असं समितीला सांगा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. लाभार्थ्यांची माहिती जपणं ही आता कायद्यानेही संस्थेची जबाबदारी होत आहे.

फोन बहुतेक स्वतःचेच असतात. स्क्रीन लॉक सक्तीचं करा आणि फोनमधलं फक्त संस्थेचं खातं दुरून पुसता येईल अशी व्यवस्था चालू ठेवा. लोकांना हे आधी स्पष्ट सांगा की त्यांचे फोटो आणि खाजगी गोष्टी पुसल्या जाणार नाहीत, नाहीतर फोन हरवल्यावर भीतीपोटी दोन दिवस कळवतच नाहीत. सुरक्षा अपडेट येणं बंद झालेले फारच जुने अँड्रॉइड फोन असतील तर त्यांवर मेल नको. फोन हरवलाच तर आधी अॅडमिनला फोन, मग सिम बंद, मग पोलिसात तक्रार आणि तिच्या आधारे संचार साथी या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक.

इन्फो आणि अकाउंट्स या पत्त्यांचा पासवर्ड आज चार जणांना माहीत असेल. तो बंद करा. त्या पत्त्यांना ग्रुप किंवा सामायिक मेलबॉक्स बनवा, प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून तिथे जावं. मग कुठलं उत्तर कोणी पाठवलं याची नोंद राहते, आणि एक जण सोडून गेला तर चौघांना नवा पासवर्ड सांगत फिरावं लागत नाही.

सोडून जाण्यावरून आठवलं, माणूस संस्था सोडतो त्या दिवशी काय करायचं हे लिहून ठेवा. खात्यातून सगळीकडून साइन आउट, पासवर्ड बदल, खातं स्थगित, मेल नव्या माणसाकडे वर्ग. घाईने खातं पुसू नका, ऑडिटला जुनी पत्रं लागतात. हे सगळं त्याच संध्याकाळी व्हायला हवं. निरोप समारंभ चांगला होतो आणि खातं वर्षभर चालू राहतं, असं मी अनेक ठिकाणी बघितलंय.

एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनमध्ये घालाव्याच लागतील. तुमच्या नावाने भलतीच कोणी मेल पाठवू नये यासाठी त्या आहेत, आणि फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू त्याबाबत कडक झालेत. त्या नसतील तर देणगीदारांना पाठवलेल्या पावत्या स्पॅममध्ये जातील. एकच काळजी घ्या: मेल कुठून कुठून जाते त्याची आधी यादी करा. वेबसाइटचा संपर्क फॉर्म आणि देणगी पावतीचं सॉफ्टवेअर हमखास विसरलं जातं. डीमार्क आधी फक्त निरीक्षणावर ठेवा, काही आठवडे अहवाल बघा, मग कडक करा.

समजा समितीने ठरवलं की सर्व्हर ऑफिसातच राहणार. तरीही वेबमेल आणि आयमॅप बाहेर उघडू नका. वायरगार्डचं व्हीपीएन, म्हणजे बाहेरच्या उपकरणापासून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त मार्ग, बसवा. बाहेरून मेल येण्यासाठीचं पोर्ट २५ आणि वायरगार्डचं एक यूडीपी पोर्ट, एवढंच बाहेर दिसेल, आणि ओळखीच्या किल्लीशिवाय आलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. प्रत्येक उपकरणाला वेगळी किल्ली द्या, फोन हरवला की तेवढी एक काढून टाकता येते. एक अडचण मात्र नक्की येईल. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१ ने सुरू होणारं असेल आणि घरच्या राऊटरचंही तेच, तर व्हीपीएन जोडलेलं दिसतं पण मेल उघडत नाही, कारण फोन सर्व्हरला घरातच शोधतो. आधी ऑफिसचे पत्ते बदलून १० ने सुरू होणारी, सहसा कुणी न वापरणारी मालिका घ्या. नेट कंपनी स्वतंत्र पब्लिक आयपी देते का तेही विचारा. बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सामायिक पत्त्यामागे ठेवतात, मग बाहेरून ऑफिसपर्यंत पोचताच येत नाही. आणि वीज गेली, यूपीएस संपला, की पुण्यापासून परदेशापर्यंत सगळ्यांची मेल बंद. ही किंमत समितीला आधी सांगा.

खात्यात कोणी शिरलं तर कसं कळणार? अनेकदा एका छोट्या नियमावरून. घुसलेला माणूस पासवर्ड बदलत नाही, तो गप्प बसून वाचतो. मेलच्या सेटिंगमध्ये तो एक फिल्टर बनवतो, त्याचं नाव नुसता एक टिंब किंवा दोन टिंबं, नजरेत भरू नये असं. ‘इन्व्हॉइस’, ‘पेमेंट’, ‘बँक’ असे शब्द असलेली मेल इनबॉक्समध्ये न येता कोणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये जाते. तिथून तो तुमच्या देणगीदाराशी तुमच्याच पत्त्यावरून बोलतो आणि ‘आमचं बँक खातं बदललंय’ असं कळवतो. तुम्हाला उत्तर कधी दिसतच नाही. म्हणून दर सोमवारी पंधरा मिनिटं: कोण कुठून लॉगिन झालं, कोणाच्या खात्यात नवे फिल्टर आले, कुठल्या नव्या अॅपला परवानगी दिली गेली. आणि खातेबदलाची कुठलीही मेल आली, आपल्या अध्यक्षांची का असेना, आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत.

घुसखोरी झालीच तर क्रम महत्त्वाचा. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून आधी सगळीकडून साइन आउट, मग पासवर्ड, मग फिल्टर, रिकव्हरीचा फोन नंबर आणि परवानगी दिलेली अॅप्स. नुसता पासवर्ड बदलून थांबलात तर त्याने जोडलेलं अॅप आतच राहतं. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून आधी बैठक बोलावून मग फोन असं करू नका. लॉग पुसू नका.

हलवण्याचं काम मार्चअखेर आणि ऑडिटच्या दिवसांत ठेवू नका. आधी तिघांची खाती नव्या सेवेत सुरू करा, त्यात एक फिल्डवरचा माणूस असू द्या. डोमेनमधल्या मेलच्या नोंदीचा टीटीएल (बाकीचे सर्व्हर ती नोंद किती वेळ लक्षात ठेवतात तो कालावधी) एक-दोन दिवस आधी कमी करा, शुक्रवारी संध्याकाळी नोंद बदला, जुनी मेल आयमॅपसिंक या प्रोग्रॅमने मागाहून ओढून घ्या. त्यासाठी नव्या सेवेत आयमॅप तात्पुरतं उघडावं लागेल, काम झालं की लगेच बंद करा. काही मेल अजून जुन्या सर्व्हरवरच पोचते, म्हणून तो दोन आठवडे चालू ठेवा. सोमवारी प्रत्येकाच्या शेजारी बसून फोनमध्ये खातं घाला, फिल्डवाल्यांना त्या दिवशी ऑफिसला बोलवा. व्हॉट्सअॅपवर सूचना पाठवून हे होत नाही. हिशेबनिसांचं खातं सगळ्यात शेवटी, त्यांच्या सोयीच्या दिवशी. सगळं दोनदा तपासलं की जुन्या सर्व्हरची एन्क्रिप्टेड प्रत तिजोरीत ठेवा आणि हार्ड डिस्क पूर्ण पुसल्याशिवाय तो भंगारात देऊ नका.